ॲपल टूसाठी सिरियल कार्ड: तिघांपैकी कोणते?

ॲपल टू प्लस किंवा टू-ई या ॲपलच्या जुन्या संगणकांना प्रिंटर, मोडेम किंवा आजचा संगणक जोडायचा, तर ॲपलचीच तीन जुनी सिरियल (एकामागून एक बिट पाठवणारी) कार्डे समोर येतात.

सिरियल इंटरफेस कार्डावर सिरियलचे काम सांभाळणारी चिपच नाही. प्रत्येक बिटची वेळ संगणकाचा ६५०२ प्रोसेसर स्वतः मोजतो. प्रिंटरकडे एकतर्फी मजकूर धाडायला हे चालते. बाहेरून अक्षर आले आणि प्रोसेसर दुसऱ्या कामात असला, की ते अक्षर गेलेच.

कम्युनिकेशन्स कार्डावर सिरियलचे काम करणारी ६८५० चिप आहे, त्यामुळे ती अडचण नाही. वेग मात्र ११० किंवा ३०० बॉड (इथे सेकंदाला तितके बिट). ३०० बॉडने १४० केबीची एक फ्लॉपी उतरवायला ८० मिनिटे लागतील. संग्रहासाठी घ्या, कामासाठी नको.

१९८१ चे सुपर सिरियल कार्ड ६५५१ चिपवर चालते, वेग ५० ते १९,२०० बॉड. तीच फ्लॉपी, ड्राइव्हचा वेळ सोडला तर, सव्वा मिनिटात. जुन्या सिरियल कार्डासाठी लिहिलेल्या प्रोग्रामांकरता त्याची नक्कल करण्याची सोयही यात आहे. माझे मत सरळ यालाच.

याच्या जोडणीत लोक डिप स्विचना (कार्डावरच्या छोट्या स्विचना) घाबरतात, पण अडतात ते जंपर ब्लॉकपाशी (कार्डावर फिरवून बसवायच्या ठोकळ्यापाशी). त्यावरचा त्रिकोण ‘मोडेम’कडे असेल तर कार्ड मोडेमला जोडण्याजोगे होते, ‘टर्मिनल’कडे फिरवला की पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची अदलाबदल होते. आजच्या संगणकाला साधी सरळ केबल लावणार असाल तर त्रिकोण टर्मिनलकडे. नल-मोडेम केबल (आतच तारांची अदलाबदल केलेली) असेल तर मोडेमकडे. दोन्हीकडे अदलाबदल केली तर तारा पुन्हा होत्या तिथेच येतात, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही.

प्रिंटरसाठी १ आणि मोडेमसाठी २ नंबरचा स्लॉट (कार्ड बसवायची खाच) हा रिवाज पाळा, बरेच प्रोग्राम तेच गृहीत धरतात. वेग स्विचनेच बदलावा असे नाही: प्रिंटर मोडमध्ये पीआर#१ (१ नंबरच्या स्लॉटकडे मजकूर वळवणारी आज्ञा) नंतर कंट्रोल-आय देऊन १४बी लिहिले की ९,६०० बॉड. कार्ड घालता-काढताना वीज बंद. टू-ईच्या मदरबोर्डवरचा लाल दिवा विझला का, ते आधी पाहा.

टू-सी असेल तर कार्ड विसरा. त्यात स्लॉटच नाहीत आणि दोन सिरियल पोर्ट अंगचेच आहेत. टू-जीएसलाही स्वतःचे पोर्ट आहेत. तरी कार्ड लावायचेच असेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये त्या स्लॉटपुढे ‘युअर कार्ड’ निवडावे लागते.