छताला लावायचा वायफाय ॲक्सेस पॉइंट: डबा बरा आहे, पण आधी वायरीचं बघा

एएक्स१८०० वर्गातला, वायफाय ६ वाला, छताला लावायचा तो गोल पांढरा ॲक्सेस पॉइंट (म्हणजे राउटरचं नेट केबलने घेऊन वायफाय वाटणारा डबा) घेतला आणि आता बऱ्यापैकी वापरून झालाय, म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण या वर्गातले बहुतेक डबे आतून एकमेकांचे चुलतभाऊच असतात, दोन अँटेना, एक गिगाबिट पोर्ट, बाकी फरक ॲपचा आणि दिसण्याचा.

आधी खोक्यावरच्या आकड्याचं बोलू. १८०० हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे १२०१ यांची बेरीज, तीही वरच्या बाजूला गोल केलेली. तुमचा फोन साधारण एका वेळी एकाच बँडवर असतो त्यामुळे १८०० कुणालाच दिसत नाहीत, आणि मागचा पोर्टच १००० एमबीपीएसचा, मग १२०१ जाणार कुठून? त्या ५७४ साठी तर ४० मेगाहर्ट्झचा चॅनल लागतो, जो आसपास पाच-दहा वायफाय असताना लावूच नये, २.४ ला २० वरच ठेवा. हे सगळं वजा करून त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर ५०० च्या वर स्पीड येतो, एक भिंत मधे आली की खाली येतो, तरी व्हिडिओ कॉल, टीव्ही, गेम सगळं चालून उरतो. मी खूश आहे. फक्त तो आकडा बघून घेऊ नका एवढंच.

आता एक्स्टेंडरच का नाही, तो तर स्वस्त पडतो आणि वायर पण नको, असं विचारणारे खूप असतात. एक्स्टेंडर राउटरशी पण हवेतूनच बोलतो आणि तुमच्या फोनशी पण हवेतूनच, म्हणजे तोच डेटा हवेत दोनदा जातो आणि दोन्ही कामं एकाच रेडिओवर असतील तर स्पीड साधारण अर्धा होतो. वर गंमत अशी की लोक तो लावतात जिथे रेंज नाही तिथे, मग तो बिचारा मरतुकडा सिग्नल घेऊन तोच पुढे वाटणार, फोनवर काड्या फुल आणि पेज काही उघडत नाही. ॲक्सेस पॉइंटला मागून लॅन केबल असते, ती १०० मीटरपर्यंत आरामात चालते, त्यामुळे लांबच्या खोलीत पण राउटरजवळ मिळतं तसंच नेट मिळतं. या वस्तूचा सगळा फायदा त्या केबलमध्ये आहे हो, डबा त्यानंतर!

म्हणून केबलवर कंजुषी नको. गिगाबिटला कॅट५ई पुरते, नवीन टाकताय तर कॅट६ टाका, पण शुद्ध तांब्याचीच घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते ती नको, कारण याच वायरीतून करंट पण जाणार आहे. आणि जोडणी झाल्यावर ॲक्सेस पॉइंटच्या स्टेटस पेजवर लिंक १००० दाखवतोय की १०० ते नक्की बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, एखादी क्लिपमध्ये नीट बसली नसेल तर लिंक गपचूप १०० वर येतो, नेट चालू असतं म्हणून कुणाला शंका येत नाही आणि मग शिव्या वायफायला.

करंटचं असं की छतावर प्लग कुठून आणणार, म्हणून पीओई, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज. ८०२.३एएफ वाला पोर्ट १५.४ वॅट देतो, ८०२.३एटी वाला ३० वॅट, तुमच्या मॉडेलला कुठला लागतो ते डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. काही जुने इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे छोटे डबे) न विचारता सरळ २४ व्होल्ट सोडतात, ते याला जोडू नका. माझा मोठा राग इथे आहे, खोक्यात ना इंजेक्टर ना अडॅप्टर, नुसता डबा, स्क्रू आणि कागद. अरे किमान एक तरी द्या ना.

सेटिंग सोपं आहे. आयपी, म्हणजे प्रत्येक फोन-टीव्हीचा नेटवर्कमधला पत्ता, वाटायचं काम मेन राउटरलाच करू द्यायचं, हा नुसता पूल. जुना राउटर पडून असेल तर तोही ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतो बरं का, त्यातलं डीएचसीपी (हेच आयपी वाटायचं काम) बंद करायचं, त्याचा आयपी मेन राउटरपेक्षा वेगळा पण त्याच रांगेतला द्यायचा आणि केबल वॅन (बाहेरून नेट येतं तो पोर्ट) ऐवजी लॅन पोर्टला लावायची. वॅनला लावली तर नेट चालतं पण घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि मग फोनला प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर कास्ट होत नाही.

दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड सेम ठेवलं म्हणजे फोन आपोआप जवळच्यावर उडी मारतो असं सांगतात, ते अर्धंच खरं. कधी उडी मारायची ते फोन ठरवतो, आणि काही फोन इतके चिकट असतात की डोक्यावर ॲक्सेस पॉइंट असून लांबच्या राउटरलाच धरून बसतात. उपाय म्हणजे दोघांची पॉवर हायवरून मीडियमला आणायची, ऐकायला उलटं वाटतं पण चालतं. सेटिंगमध्ये ८०२.११के, व्ही आणि आर असे फोनला उडी मारायला मदत करणारे पर्याय असतात, त्यातले के आणि व्ही चालू ठेवा, आर मात्र जपून, जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग त्याने कधीकधी जोडलेच जात नाहीत. २.४ वर एकाला चॅनल १ दिला तर दुसऱ्याला ६ किंवा ११.

अजून एक, ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर आधी रडार आहे का ते निदान मिनिटभर ऐकावं लागतं, म्हणून रीस्टार्टनंतर ५ वालं नाव लगेच दिसत नाही, डबा बिघडला म्हणून परत करायला धावू नका.

ॲपमध्ये अकाउंट काढा म्हणून मागे लागतात ते आवडलं नाही, ब्राउझरमधून पण सगळं होतं. निळा दिवा बंद करता येतो. हात लावला तर कोमट लागतो, चालायचंच. वरच्या मजल्याला मात्र याचा फार उपयोग नाही, याचा जोर खाली आणि बाजूला, मधे स्लॅब आली की संपलं.

पाचपैकी चार, एक कापला तो अडॅप्टरचा. घर लहान असेल तर आधी राउटरच मधल्या खोलीत हलवून बघा, कदाचित काही घ्यावंच लागणार नाही. आणि वायर टाकणं शक्यच नसेल तर हा घेऊ नका, तीन बँडवाला मेश, म्हणजे एकमेकांशी हवेतूनच बोलणाऱ्या डब्यांचा संच, बघा.