‘रॉकेट’ या वाफेच्या रेल्वे इंजिनावरचं व्याख्यान: विषय पक्का, पडदा कच्चा

१८२९च्या रेनहिल चाचण्यांवर, म्हणजे इंग्लंडमधल्या वाफेच्या रेल्वे इंजिनांच्या स्पर्धेवर, दीड तासाचं व्याख्यान. जिंकलेल्या रॉकेटच्या बॉयलरमध्ये विस्तवाची धग नेणाऱ्या एका जाड नळीऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या. पाण्याला भिडणारा तापलेला पृष्ठभाग वाढला, वाफ भराभर तयार झाली. वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडली की हवेची ओढ वाढून विस्तव कसा फुलतो, हे वक्त्यांनी उभ्या कापलेल्या मॉडेलवर बोट ठेवून दाखवलं. झकास! स्पर्धेतल्या ‘सान्स परेल’ इंजिनाचा सिलिंडर तडकला, ते मात्र दोन वाक्यांत उरकलं. आराखड्यांवरची अक्षरं मुंगीएवढी, तिसऱ्या रांगेमागे काही वाचता येत नाही, पुढेच बसा. आणि प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत उठू नका, व्हॉल्व्ह गिअरचा (सिलिंडरमध्ये वाफ सोडण्या-रोखण्याच्या यंत्रणेचा) उलगडा तिथेच होतो.