दुसऱ्या रेल्वे गेटजवळचं झेरॉक्स दुकान: डिग्रीला आलेल्या पोरांनी एकदा जाऊन बघाच

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपासनं आरपीडी कॉर्नरकडं चालत आलं की डाव्या हाताला एक लहान झेरॉक्सचं दुकान लागतं, बोर्ड पावसानं पार पुसट झालाय, आत दोन मशीन, एक कॉम्प्युटर आणि काका. कुणी त्याला नावानं ओळखतच नाही, सगळी 'काकांकडं' एवढंच म्हणतात. अडीच वर्षं मी तिथं जायलोय, आता सहावा सेम चाललाय, तर म्हटलं जायच्या आधी नीट लिहावं.

मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडचा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी खानापुरात, आणि २०२३ ला बीकॉमला बेळगावात आलो. रोज बसनं पिरनवाडी, उद्यमबाग करत तिसऱ्या गेटला उतरायचं आणि तिथनं चालत. पहिल्या महिन्यात क्लास कुठल्या खोलीत आहे हेच कळायचं नाही, आणि नोटीस बोर्डावर काय लावलंय तेही नाही, कारण अर्ध्या नोटिसा कन्नडमध्ये. शाळेत कन्नड होतं खरं पण पास होण्यापुरतं. एकदा बोर्डाचा फोटो काढून काकांकडं प्रिंट मारायला गेलो तर त्यांनी प्रिंट मारलीच नाही, फोन हातात घेऊन वाचून दाखवलं. 'हाजराती' म्हणजे आपली हजेरीच की, 'अर्जी' म्हणजे अर्ज, 'शुल्क' तर तेच, आणि 'कोनेय दिनांक' दिसलं की आधी ती तारीख वहीत लिहायची, ती शेवटची तारीख असते. ७५ टक्के हजेरी लागते हे मला वर्गात नव्हे, त्या दुकानात कळलं. पैसे काय घेतले तर काही नाही, प्रिंटच मारली नव्हती ना.

आता दुकानाचं. साधी झेरॉक्स दीड रुपया, दोन्ही बाजू मारली तर अडीच, स्पायरल बायंडिंग ३५ पासनं पुढं पानांवर. यापेक्षा स्वस्त मिळतं, खोटं कशाला बोलू, पण तिथं अक्षर फिकं येतं आणि अकाउंट्सच्या पानावर आकडाच दिसला नाही तर काय उपयोग. काका मशीनवर ठेवायच्या आधी पान हातानं सरळ करतात, तिरकं आलं तर स्वतःच फाडून परत मारतात, त्याचे पैसे धरत नाहीत. ब्लू बुक, ग्राफ पेपर, असाइनमेंटची पानं, पासपोर्ट फोटो सगळं मिळतं. जुलैत पाऊस कोसळत असतो तेव्हा तर न मागता प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात, जांबोटीला पोचेपर्यंत माझं एक पान भिजलेलं नाही.

पण खरं काम आहे ते ऑनलाईन फॉर्मचं. आमच्याकडं डिग्रीचं सगळं यूयूसीएमएस या सरकारी पोर्टलवर चालतं, ॲडमिशन तिथं, परीक्षेचा फॉर्म तिथं, हॉल तिकीट पण तिथंच. ॲडमिशनवेळी मी दुसऱ्या एका सायबरमध्ये भरलं होतं, नाव घेत नाही, त्यांनी घाईत माझं नाव आणि आडनाव उलटंपालटं टाकलं आणि मोबाईल नंबर बाबांचा दिला. पुढं काय व्हायचं, मी बेळगावात फॉर्म उघडून बसलेला, ओटीपी जायचा बाबांच्या फोनवर, बाबा शेतात, आणि पावसात आमच्या भागात रेंज कुठली. एकदा दोन तास बसलो होतो तसाच. काकांनी मला उठवलं नाही, मागच्या स्टुलावर बसायला लावलं, मधेमधे बाकीच्यांची झेरॉक्स मारत राहिले आणि ओटीपी आला की कॉम्प्युटर मोकळा करून दिला. स्कॉलरशिपला एसएसपी म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर आधारमधलं नाव आणि कॉलेजातलं नाव जुळेना, तेव्हा मार्क्स कार्ड, आधार सगळं समोर ठेवून कुठलं आधी दुरुस्त करायचं आणि कॉलेजच्या ऑफिसात कसला अर्ज द्यायचा ते त्यांनीच सांगितलं. बँक खात्याला आधार जोडलंय का तेही बघायला लावलं, नाहीतर मंजूर होऊनसुद्धा पैसे येत नाहीत. त्या वर्षी माझे पैसे उशिरा आले, पण आले. घरी ते पैसे किती गरजेचे होते ते मी इथं लिहीत नाही.

अजून एक गोष्ट त्यांच्याकडनं शिकलो ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. फी भरताना पैसे कट झाले आणि फॉर्म पेंडिंग दाखवला तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका, ट्रॅन्झॅक्शनचा स्क्रीनशॉट ठेवा, थोडा वेळ थांबून परत स्टेटस बघा. आमच्या वर्गातल्या दोघांनी डबल भरले होते आणि परत मिळवताना जीव गेला त्यांचा.

महाराष्ट्रातल्या चंदगडकडनं बारावी करून येणारी पोरंही बरीच असतात इथं, त्यांना वेगळीच कागदं लागतात, मायग्रेशन, एलिजिबिलिटी सर्टिफिकेट. पोरानं तोंड उघडायच्या आधीच काका विचारतात, "आरडी नंबर आहे काय रे? नाही? मग महाराष्ट्राचा तू." कर्नाटकात नाडकचेरीतनं, म्हणजे सरकारी ऑफिसातनं, मिळणाऱ्या जात-उत्पन्न दाखल्यावर असतो तो नंबर, आमच्याकडं त्याशिवाय काही हलत नाही. बैलहोंगलकडची पोरं आली की तेच काका घडाघड कन्नड बोलतात. रांगेत कोण कुठल्या भाषेचा आहे यावरनं नंबर मागंपुढं झालेला मी कधी बघितला नाही, आणि बेळगावात वाढलेल्या माणसाला हे किती महत्त्वाचं आहे ते सांगायला नको.

जुन्या प्रश्नपत्रिकांच्या दोन फायली आहेत, एक एनईपीची, म्हणजे केंद्राच्या शिक्षण धोरणाच्या आमच्या सिलॅबसची, आणि एक २०२४ पासनं आलेल्या एसईपीची, म्हणजे राज्याच्या धोरणाची. ज्युनियर पोरांनो, सीनियरकडनं आमच्या नोट्स डोळे झाकून झेरॉक्स मारू नका, तुमचा सिलॅबस वेगळा आहे. मी स्वतः एकाला देत होतो, काकांनीच अडवलं.

मायक्रो झेरॉक्स, म्हणजे कॉपीसाठी बारीक केलेली पानं, काका मारत नाहीत. कितीही पैसे द्या, नाही म्हणजे नाही. यावरनं काही पोरं चिडतात, मला मात्र काकांचं पटतं.

कमी काय म्हणाल तर साडेनऊला आणि इंटर्नलच्या आठवड्यात उभं राहायला जागा नसते, लाईट गेली की झेरॉक्स बंद कारण इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटरला आहे, आणि कलर प्रिंट चांगली येत नाही, प्रोजेक्टचं कव्हर दुसरीकडं करा. शेवटच्या तारखेला जाऊ नका, त्या दिवशी साईट पण चालत नाही आणि काकांना जेवायलाही सवड मिळत नाही. दुपारी तीननंतर निवांत असतंय. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या कलर प्रिंटसाठी कापला.

यंदा धाकट्या बहिणीची ॲडमिशन होती. बसला तिला शक्ती योजनेमुळं, म्हणजे कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे त्यामुळं, तिकीट नाही, पास मलाच काढावा लागतो, तर माझा पास आणि तिचा फॉर्म एकदमच करू म्हणून दोघं गेलो. काकांनी तिची मार्क्स कार्डं बघितली, नाव आधारशी अक्षर-अक्षर लावून बघितलं, मग तिच्याकडं वळून म्हणाले, "बाळ, मोबाईल नंबर तुझा स्वतःचा सांग, बाबांचा नको."