मन राखायचं अॅप चार महिने वापरलं, त्याचा रिव्ह्यू (३ स्टार)

अॅपचं नाव टाकत नाहीये. एक तर या प्रकारातली बरीच अॅप्स आतून सारखीच असतात, आणि मला कंपनीशी भांडायचं पण नाहीये, फक्त एवढंच सांगायचंय की मन राखायला, म्हणजे विचार, इच्छा, जे जे कोणाला दिसत नाही ते सगळं राखायला आपण फोनमध्ये पहारेकरी बसवला तर तो नक्की काय राखतो. पेड व्हर्जन होतं, चार महिने वापरलं, एक दिवस न चुकवता. हे "न चुकवता" प्रकरण पुढे येईलच, तिथेच घोळ झाला.

अॅपचं काम साधारण असं. फोनवर काय बघता त्यावर लक्ष ठेवायचं, नको त्या साइट बंद करायच्या आणि दर आठवड्याला तुम्ही निवडलेल्या माणसाला रिपोर्ट पाठवायचा. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे बघा जरा, लाल म्हणजे फोन करा. सोबत रात्रीचं आत्मपरीक्षण, डायरी आणि सकाळी बायबलमधलं एक वचन. उघडल्या उघडल्या पहिल्याच स्क्रीनवर नीतिसूत्रे ४:२३, आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं, "सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर."

मी माझ्या रिपोर्टसाठी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका काकूंना निवडलं. वयाने मोठ्या, फोनचं फारसं कळत नाही, पण त्यांच्या पोटात गोष्ट राहते, बाहेर जात नाही. नवऱ्याला नाही निवडलं आणि ते बरोबरच केलं असं मला अजूनही वाटतं.

आधी टेक्निकल भाग उरकते. अँड्रॉइडवर हे अॅप अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं, म्हणजे जी परवानगी खरं तर अपंग लोकांना फोन वापरता यावा म्हणून असते ती. ती दिली की अॅपला स्क्रीनवरचं जवळजवळ सगळं वाचता येतं. २०२२ मध्ये गूगलने याच कारणावरून अशी दोन अॅप्स प्ले स्टोअरवरून काढली होती, तेव्हा परवानगीचं पान डोळे झाकून ओके करू नका, वाचा. माझं बँकेचं अॅप त्या दिवसापासून कुरकुर करायला लागलं ते शेवटपर्यंत. बॅटरी पण खातं. आयफोनवर दुसऱ्या अॅपची स्क्रीन अशी बघताच येत नाही त्यामुळे तिथे मुख्यतः साइट अडवणंच चालतं.

आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी गंमत म्हणजे याला मराठी येत नाही! शब्दांची यादी सगळी इंग्रजी. दुसऱ्याच आठवड्यात काकूंचा घाबरत घाबरत फोन, "अगं रिपोर्ट लाल आलाय, काय झालं?" मी बघते तर काय, इंग्रजी बायबलमध्ये गीतरत्न या प्रेमगीतांच्या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडला होता त्याला लाल खूण. आणि त्याच आठवड्यात रात्री दीड वाजेपर्यंत मी मोबाइलवर मराठीतली एक मालिका-कथा वाचत होते, ज्यातला नायक फारच समजूतदार वगैरे आणि बाकी पुढे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, ते सगळं हिरवं. देवाचं वचन लाल आणि ती कथा हिरवी. काकू खूप हसल्या. मी पण हसले, पण कथेचं काही सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. यातले सगळे प्रश्न पुरुषांना डोळ्यासमोर ठेवून केलेत असं वाटतं, आणि तेही एकाच पापासाठी. आज काही अश्लील पाहिलं का, आज एकटे असताना फोन किती वेळ वापरला, असे. ज्यांची लढाई तिथे आहे त्यांना याचा उपयोग होतो, माझ्या ओळखीतल्या एकाला झालाय, त्याने स्वतः सांगितलं, म्हणून मी अॅपला शून्य देणार नाही. पण माझी लढाई तिथे नव्हतीच.

सातव्या आठवड्याचा रिपोर्ट पूर्ण हिरवा होता. शंभर टक्के. आणि तो माझा सगळ्यात घाणेरडा आठवडा होता. कामावर एक जण आहे, चांगला माणूस आहे, त्याची काहीच चूक नाही, फक्त एकदा त्याने विचारलं होतं, "आज दमल्यासारख्या दिसताय." एवढंच. हे वाक्य मी घरी आणलं. भांडी घासताना मी मनात त्याला उत्तर द्यायचे, मग तो काहीतरी म्हणायचा, मग मी, असा अख्खा संवाद चालायचा, आणि त्या संवादात माझा नवरा नेहमी जरा कमी समजूतदार असायचा, म्हणजे मी त्याला तसा लिहायचे. नळ चालू, हातात तेच ताट, पाच मिनिटं तेच ताट घासतेय. मग उद्या काय घालायचं ते ठरायचं, आणि ते का ठरतंय हे मला पक्कं माहीत असायचं. फोन तेव्हा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. अॅप बिचारं काय करणार, त्याला स्क्रीन लागते.

याकोब १:१४-१५ मध्ये हेच आहे, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलवला जातो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. लहानपणापासून ऐकलेलं वचन, पण गर्भ या शब्दाकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. बाहेरून काहीच दिसत नसतं तेव्हा आत वाढत असतं. माझा हिरवा रिपोर्ट म्हणजे तोच काळ.

काकूंनी फोन केला, "सगळं हिरवं आहे गं, देवाची स्तुती असो." मी हो म्हटलं. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मग आवाज असा का?" आणि मी रडले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं आता वचनं ऐकायला मिळणार. त्या म्हणाल्या, "त्याचं नाव मला सांगू नकोस, देवाला सांग. मला एवढंच सांग, उद्या जेवायला कुठे बसणार आहेस?" बस. दुसऱ्या दिवशी मी जागा बदलली. संवाद लगेच थांबला नाही, पण त्याला रोज नवीन मालमसाला मिळायचा तो बंद झाला आणि दोनतीन आठवड्यांत तो आपोआप कंटाळवाणा झाला. हे कुठल्या सेटिंगमध्ये नाही.

नीतिसूत्रे ४ तेवढं एकच वचन कापून वॉलपेपरवर लावतात म्हणून त्यातला क्रम दिसत नाही. २३ मध्ये अंतःकरण, मग २४ मध्ये तोंड, २५ मध्ये डोळे, आणि शेवटी २६-२७ मध्ये पाय. डोळे तिसरे येतात! अॅप डोळ्यांपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. आणि मूळ हिब्रू शब्द आहे लेव, म्हणजे नुसत्या भावना नाहीत, विचार करायची, ठरवायची जागा पण तीच. म्हणून "माझं मन साफ आहे, फक्त विचार तेवढे येतात" असं म्हणून सुटता येत नाही, विचार पण तिथलेच.

आता विचार येणं आणि विचाराला खुर्ची देणं यात फरक आहे, आणि इथे अॅप चक्क नुकसान करतं. रात्रीचा प्रश्न, "आज वाईट विचार आला का? हो / नाही." अरे, येणारच ना! मोह तर प्रभूलाही झाला, इब्री ४:१५, फरक एवढाच की तो निष्पाप राहिला. ज्यांना आधीच दर गोष्टीत आपण पापी वाटतं अशा लोकांना हे बटण देऊ नये. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या जुन्या साधूंपैकी अब्बा पोइमेन यांची एक गोष्ट आहे, एक भाऊ येऊन म्हणतो माझ्या डोक्यात फार विचार येतात, तर ते त्याला बाहेर नेतात आणि सांगतात, अंगरखा उघड आणि वारा धरून ठेव. तो म्हणतो नाही जमत. मग विचार येणंही तुला अडवता येणार नाही, तुझं काम त्यांना तोंड देण्याचं. अॅपने इथे तिसरं बटण ठेवायला हवं होतं, "आला, बसू दिला नाही." मी सपोर्टला लिहिलं पण होतं, आभारी आहोत असं ठरावीक उत्तर आलं.

आता ते न चुकवता प्रकरण. रोज नोंद केली की आकडा वाढतो, आणि साठ दिवस झाले की एक सुंदर कार्ड मिळतं, शेअर करा म्हणून. मी केलं. बायकांच्या प्रार्थना ग्रुपवर. बावीस जणींचे हात जोडलेले इमोजी आले आणि मी ते मोजले, म्हणूनच बावीस माहीत आहे. त्याच वाळवंटातले इव्हाग्रियस, चौथ्या शतकातले, त्यांनी माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती, त्यात खादाडपणा, व्यभिचार, पैशाचा लोभ, दुःख, राग, आळसासारखा एक कंटाळा आणि मग शेवटी पोकळ मोठेपणा आणि गर्व. पोकळ मोठेपणाबद्दल ते म्हणतात की त्याला मारायला जे कराल त्याचाच तो नवीन मोठेपणा बनवतो. माझंच वर्णन. त्यानंतर एकदा प्रवासात होते, नेटवर्क येत-जात होतं, रात्री बाराला दहा मिनिटं कमी, मी आत्मपरीक्षणाच्या पाचही रकान्यांत "ठीक" एवढंच लिहून सबमिट केलं. आकडा तुटायचा वाचला. देवासमोर खोटी हजेरी लावली की काय म्हणतात याला मला माहीत नाही.

पण खरं सांगायचं तर हेच आत्मपरीक्षण या अॅपमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आकडा बंद करता येतो, सेटिंगमध्ये खोल लपवलाय, बंद करा आणि मग वापरा. पाच पायऱ्या आहेत, आभार, प्रकाश मागणं, दिवस परत डोळ्यांसमोरून नेणं, क्षमा, आणि उद्याचं. हे इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या कॅथलिक संताकडून घेतलंय. आमची मंडळी कॅथलिक नाही, मला आधी जरा परकं वाटलं, पण त्या माणसाची गोष्ट मला फार पटली. १५२१ मध्ये लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणात, तेव्हा तो दिवास्वप्नं बघायचा, कधी शौर्य गाजवून एका बाईचं मन जिंकण्याची, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही बघताना गोड. पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं आणि दुसरी संपली तरी आनंद टिकायचा. त्याने इच्छा दाबली नाही, ती संपल्यावर मागे काय उरतं ते बघितलं. मी भांड्यांपाशी हेच केलं. संवाद संपला की काय उरतं? चिडचिड, आणि नवरा खोलीत आला की उगाच राग. एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं.

सकाळची वचनं पण चांगली निवडलीत. फिलिप्पै ४:७, देवाची शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार राखील, इथे "राखील" साठी मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे, आणि पौल हे लिहितो तेव्हा स्वतः कैदेत आहे. म्हणजे रोज पहारा बघणारा माणूस पहाऱ्याबद्दल बोलतोय, आणि पहारा मी देणार नाही, शांती देणार. लगेच पुढच्या वचनात जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध त्याचं मनन करा. अॅपला काढून टाकणं येतं, भरणं येत नाही, भरायला हे ४:८ लागतं.

डायरीचं मात्र सांभाळून. मी त्यात मन मोकळं केलं होतं, "मोह" असा टॅग लावून. चार दिवसांनी नोटिफिकेशन, "तुमच्या नोंदींवरून सुचवत आहोत," आणि खाली सुखी विवाहाचा एक कोर्स, विकत घ्यायचा. माझ्या अंगावर काटा आला. पॉलिसी उघडली तर लिहिलंय, नोंदींचं विश्लेषण सेवा सुधारण्यासाठी होऊ शकतं. प्रभूने मत्तय ६:६ मध्ये सांगितलं खोलीत जा, दार लावून घे, मग प्रार्थना कर. मी दार लावलं आणि खोलीत दुकानदार बसलेला. स्तोत्र १३९, हे देवा माझी झडती घे, हे देवाला म्हणायचं असतं, सर्व्हरला नाही. आता साध्या वहीत लिहिते, आणि जे फारच आतलं आहे ते लिहीतही नाही.

तर ३ स्टार. डोळ्यांची लढाई असेल तर घ्या, सोबत खरं माणूस असेल तरच घ्या. डायरी वापरू नका.

मी काढून टाकायचं ठरवलंय, पण काढायला काकूंकडचा कोड लागतो. तो त्यांनी कागदावर लिहून बायबलमध्ये जपून ठेवला होता आणि आता तो कागद सापडत नाहीये, उत्पत्तीपासून यहेज्केलपर्यंत शोधून झालंय म्हणे. तोपर्यंत अॅप फोनवर आहे, आणि या आठवड्याचा रिपोर्ट हिरवा आला.