आफ्रिकन सफारीसाठीचं सर्पदंश किट: पंप बाद, क्रेप बँडेज पास

हाताने ओढायचा पंप, त्याला बसणाऱ्या वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, एक पातं, एक आवळायची दोरी. आफ्रिकेत जंगलसफारीला निघालेल्यांना असं किट सर्रास विकलं जातं, 'ब्लॅक मांबा चावला तरी उपयोगी' या बोलीवर. या सापाची जितकी धास्ती, तितका किटचा खप.

पंप ओढतो जोरात, यात शंका नाही. कातडी वाटीत फुगून येते, थोडं लालसर पाणीही दिसतं आणि माणसाला वाटतं, विष निघालं. मांबाचा विषदात जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा, पण तो बाहेर निघताच भोक मिटतं. विष तोवर आतल्या ऊतींत पसरलेलं असतं आणि लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, पुढे सरकू लागतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वयंसेवकांच्या पायात किरणोत्सारी खूण केलेलं नकली विष टोचून तीन मिनिटांनी असा पंप लावला. बाहेर आलं त्यातलं 0.04 टक्के! पंप जास्त वेळ ठेवला तर तिथली कातडी मरू शकते, ते वेगळंच. पात्याने काप दिला तर शिरा आणि स्नायुबंध तुटतात. दोरीने रक्तपुरवठाच थांबतो आणि हातपाय गमावण्याची वेळ येते. तिन्ही वस्तू बाद.

मांबाबद्दलच्या समजुतीही तपासून घ्याव्यात. तो काळा नसतो. अंग राखाडी, ऑलिव्ह किंवा तपकिरी, काळं असतं ते तोंडाचं आतलं अस्तर. घोड्याला गाठतो ही तर निव्वळ थाप. थोड्या अंतरापुरता ताशी 20 किलोमीटरच्या आत पळतो, तेही बहुधा बिळाकडे. 'चावला की संपलं' हेही खरं नाही. त्याचं विष नसा आणि स्नायूंमधला संदेश बिघडवतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवला आणि प्रतिविष वेळेत मिळालं, तर माणूस वाचतो.

म्हणून रुग्णालय गाठेपर्यंत विषाचं पसरणं लांबवायला किटमध्ये हवं ते दहा सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज, किमान दोन गुंडाळ्या, आणि पाय ताठ ठेवायला फळी. आधी दंशावर, मग बोटांपासून वर जांघेपर्यंत गुंडाळा. ताण मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकाच. बोटांची टोकं उघडी ठेवा. ती निळी किंवा गार पडली तर पट्टी फार घट्ट झाली आहे. दंशाची जागा पट्टीवर पेनाने खुणवा, वेळ लिहा, माणसाला चालवू नका. प्रतिविष तयार होईपर्यंत पट्टी सोडायची नाही, कारण सोडताच अडकलेलं विष एकदम अंगात शिरतं.

हीच पट्टी पफ अॅडर किंवा थुंकणाऱ्या कोब्राच्या दंशाला मात्र बांधू नये. त्यांचं विष मांस कुजवतं, सूज झपाट्याने चढते, आणि दाबलं की ते एकाच जागी साठून नुकसान वाढतं. किटवर 'सर्व सापांसाठी' असं छापलेलं असेल तर तेवढ्यावरूनच विकणाऱ्याची समज कळते.

प्रतिविष सोबत बाळगण्याचा विचार सोडून द्या. दक्षिण आफ्रिकेत बनणारं, अनेक सापांच्या विषांवरचं प्रतिविष मांबावर चालतं, पण ते घोड्याच्या रक्तापासून काढतात. तीव्र अॅलर्जी उद्भवू शकते, ते थंड ठेवावं लागतं, आणि मांबाच्या दंशाला 10 मिलिलिटरच्या दहा किंवा त्याहून जास्त कुप्या लागू शकतात. हे काम रुग्णालयाचं.

पंपाऐवजी त्या डबीत तोंडाने श्वास देण्यासाठीचा खिशात मावणारा मास्क ठेवा आणि गाडीतल्या दोघांनी तरी तो वापरायला आधीच शिकून घ्या. रस्त्यात श्वास थांबला तर रुग्णालय येईपर्यंत तोच चालवावा लागतो, कधी तासन्‌तास.