एअर सॉ: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

भर पावसाळ्यात एअर सॉ, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर पातं मागे-पुढे चालवून पत्रा कापणारी करवत, बसला. ट्रिगर दाबला की नुसती हवा सुटायची, पातं हलायचं नाही. सर्व्हिसवाल्याने न खोलताच सांगितलं, 'पिस्टन-सिलिंडर बदला', आणि मशीनच्या निम्म्याहून जास्त रक्कम सांगितली. उचलून गॅरेजवर आणलं नि खोललं. पिस्टन गंजाने धरला होता, बस्स! रत्नागिरीच्या हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठणारच आणि ते होजमधून टूलमध्ये उतरणारच. डिझेलने धुतलं, एअर टूल ऑइल सोडलं, चालू झालं. आता संध्याकाळी टाकीचा कॉक उघडून पाणी काढतो, लाइनला वॉटर सेपरेटर आहे आणि सकाळी इनलेटमध्ये चार थेंब तेल. हे चार शब्द त्या माणसाने सांगायला हवे होते.

काम मात्र चोख. गाडीचा कुजलेला रनिंग बोर्ड कापताना ग्राइंडरसारखा ठिणग्यांचा फवारा उडत नाही. काच, सीट, वायरिंग वाचतं. घेतला तेव्हा ग्राइंडर कायमचा आत जाईल असं वाटत होतं. तसं झालं नाही. जाड चॅनेलला ग्राइंडरच हवा, आणि नव्या गाड्यांच्या बी-पिलरचं (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाचं) कडक पोलाद तर पात्याचे दातच खातं.

अ‍ॅल्युमिनियमला 18 दाती (इंचाला 18 दात) पातं आणि थोडं मेण, नाहीतर दात भरतात. प्लास्टिक बंपरला ट्रिगर अर्धाच दाबायचा, वेग वाढला की काप वितळून मागे परत चिकटतो. फायबरला मास्क हवाच. पातंही लवकर बोथट होतं.

माझी खरी तक्रार पुढच्या गार्डची, म्हणजे कापताना पत्र्याला टेकतो त्या भागाची. स्ट्रोक जेमतेम 10 मिलिमीटर, 22 गेज पत्रा 0.8 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे 32 दाती पात्याचे गार्डजवळचे सेंटीमीटरभर दात झिजतात आणि बाकीचं कोरं पातं फेकायचं! गार्ड पुढे-मागे सरकत असता तर एका पात्यात तीन पात्यांचं काम झालं असतं. टूल मागे धरून कापलं तर पत्रा थडथडतो. शेवटी सागाचा सेंटीमीटरभर जाड ठोकळा खाच पाडून गार्डपुढे बसवला. पत्र्याला नवे दात लागतात, थरथर नाही. ते दात गेले की त्याहून जाड ठोकळा. पात्यांचा खर्च निम्म्यावर आला.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानात आधी गार्ड सरकतो का ते बघा, आणि कॉम्प्रेसर 1 एचपीचा असेल तर थांबा. सलग कापताना टूलला लागणारा 90 पीएसआय हवेचा दाब टिकत नाही.