केबलचे ड्रम ब्रेक की हायड्रॉलिक डिस्क?

घरी बांधलेल्या हलक्या विमानाला केबलचे ड्रम ब्रेक स्वस्त आणि सुटसुटीत. पण केबल ताणली की एक चाक आधी धरतं आणि विमान कडेला ओढ घेतं. पहिल्या उड्डाणाआधी टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाच, हे कळतं. तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक डिस्क जोरदार धरते, मात्र तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पेडल स्पंजासारखं दबतं. म्हणून तेल खालून, डिस्कला चिमटणाऱ्या कॅलिपरकडून वर चढवायचं. तेही विमानाचं लाल खनिज तेलच! गाडीचं ब्रेक ऑइल ओतलं तर नायट्राइल रबराचे सील फुगून ब्रेक अडकतात. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पारा ४४ वर असताना ड्रम तापून आणखी ढिला पडतो, म्हणून खान्देशात माझं मत डिस्कलाच. फक्त शेपटीचाकाचं, म्हणजे तिसरं चाक नाकाऐवजी शेपटीखाली असलेलं, विमान असेल तर पाय हलका ठेवा, नाहीतर नाक जमिनीत.